घसरल्याच्या दुसऱ्या दिवशी

अरे,

दारू सोडण्यासाठी तुझ्या मेसेजमध्ये तीन पर्याय आहेत. हॉस्पिटलने सुचवलेल्या इंटेन्सिव्ह आउटपेशंट प्रोग्रॅमला, म्हणजे घरी राहून संध्याकाळी जाऊन घ्यायच्या उपचारांना, आयओपीला, पुन्हा तोंड दाखवायचं. सेमिस्टर टाकून पुण्याला मुक्तांगणात भरती व्हायचं. किंवा इच्छाशक्तीवर "आणखी एक महिना" काढून बघायचं. तिसऱ्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तो प्रयोग तू वर्षभर केलास आणि त्याचा निकाल इमर्जन्सी रूमच्या डिस्चार्जच्या कागदावर छापून आलाय.

मुक्तांगण का सुचलं ते कळतं मला. आपल्याकडे दारू सोडवायची म्हणजे माणसाला कुठेतरी 'ठेवायचं', हीच रीत. 1986 साली अवचट दांपत्याने ते केंद्र सुरू केलं आणि पुलं-सुनीताबाईंनी त्यासाठी पैसे दिले, हे ऐकतच आपण वाढलो. त्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तू पुण्यात राहत असतास तर मीच तुला रिक्षात घालून नेलं असतं. पण तू राहतोस न्यू जर्सीत. इथून उठून तिथे गेलास तर काही आठवडे आत नीट काढशील, त्याची मला शंका नाही. मग विमानात बसशील आणि त्याच अपार्टमेंटमध्ये उतरशील. तोच फ्रिज, तेच रूममेट, तीच शुक्रवारची रात्र. तिथले लोकही तुला हेच सांगतील की खरं काम बाहेर पडल्यावर सुरू होतं आणि फॉलोअप चुकवू नकोस. तो फॉलोअप तू कुठून करणार आहेस?

आयओपीची गंमत अशी की तिथे काम बाहेरूनच सुरू होतं. अमेरिकेत व्यसनोपचाराच्या पायऱ्या ठरवणारे जे निकष आहेत त्यात ही मधली पायरी: प्रौढांसाठी आठवड्याला 9 ते 19 तास. म्हणजे बहुतेक ठिकाणी तीन संध्याकाळी, तीन-तीन तास. तुझं तेच. सहा ते नऊ. ही वेळ उगाच ठेवलेली नाही. नोकरी-कॉलेज बुडू नये हे एक, आणि बहुतेकांची पहिली बाटली याच वेळात उघडते हे दुसरं. नऊला ग्रुप सुटतो, वाटेवरचं लिकर स्टोअर उघडं असतं, आणि तुला त्याच्यासमोरून गाडी काढत घरी जायचं असतं. त्या रात्री जे होईल ते पुढच्या खेपेला त्या खोलीत मांडायचं. बंद केंद्रात हे दुकानच वाटेत येत नाही, त्यामुळे त्याच्यासमोरून कसं जायचं हे शिकवता येत नाही.

हे मी माझ्या धंद्याची जाहिरात म्हणून सांगत नाही. मी अशाच ग्रुपची काउन्सेलर होते, आता निवृत्त झाले, मला कुणी कमिशन देत नाही. 2014 साली 'सायकियाट्रिक सर्व्हिसेस' नियतकालिकात या कार्यक्रमांवरच्या अभ्यासांचा आढावा आला. बहुतेक लोकांच्या बाबतीत आयओपी भरती होऊन घेतलेल्या उपचारांइतकाच उपयोगी पडतो, असा त्याचा निष्कर्ष. बहुतेकांच्या, सगळ्यांच्या नव्हे. त्याकडे येते.

आता मुद्द्यावर. पहिला आठवडा तू गेलास. शनिवारी रूममेटच्या वाढदिवसाला प्यायलास. सोमवारी गेला नाहीस, कारण तोंड कसं दाखवायचं. बुधवारी गेला नाहीस, कारण सोमवारी गेला नव्हतास. आणि गुरुवारी पहाटे मला लिहितोस की "हा प्रोग्रॅम माझ्यासाठी नाही असं वाटतं". प्रोग्रॅम तुझ्यासाठी आहे की नाही हे शनिवारने ठरलेलंच नाही. बिघडवलंय ते सोमवारने.

प्यायलास, तरी ग्रुपच्या पुढच्या बैठकीला जायचं. बस, एवढंच मला सांगायचंय. बाकीचं पत्र म्हणजे याचीच टिपणं.

सिॲटलला ॲलन मार्लॅट नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. माणसं सोडलेल्या व्यसनाकडे परत कशी जातात, यावर त्यांनी आयुष्य घालवलं. 1980 च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं की पहिला घोट आणि पूर्ण घसरण यांच्यामध्ये एक जागा असते. त्या जागेत माणूस स्वतःशी काय बोलतो यावर पुढचं बरंच ठरतं. "एकदा चूक झाली" म्हणणारा परत येऊ शकतो. "मी असाच आहे, संपलं सगळं" म्हणणारा दुसरा ग्लास भरतो; आणि तो दारूच्या ओढीइतकाच लाजेने भरतो. तुझा मेसेज पुन्हा वाच. "मी असाच आहे" हे तू त्यात किती वेगवेगळ्या शब्दांत लिहिलंयस बघ.

त्या खोलीत जाऊन "शनिवारी मी प्यायलो" म्हटल्यावर काय होतं? काही होत नाही. काउन्सेलर विचारते: किती वाजता ठरलं? दुपारी काय खाल्लं होतंस? कुणाला फोन करता आला असता, तो का केला नाहीस? समोरचा ट्रक ड्रायव्हर मान डोलावतो. लघवीची तपासणी होते, ती एरवीही होतेच. मग पुढच्या शनिवारसाठी काहीतरी साधं ठरतं: वाढदिवसाला साडेसातला जायचं, स्वतःच्या गाडीने, आणि केक कापला की निघायचं. ज्याची तुला इतकी धास्ती आहे ती गोष्ट एवढीच. मात्र प्यायलेल्या अवस्थेत जाऊ नकोस. तिथे श्वास तपासतात, आणि बाकीच्यांना तो वास सहन करायला लावणं बरं नव्हे. उतरल्यावर जा. पण जा.

ट्रक ड्रायव्हरवरून आठवलं. "त्या लोकांत आणि माझ्यात काही साम्य नाही" हे वाक्य वाचून मी फोन बाजूला ठेवला होता. मास्टर्स करतोस म्हणून तुझं यकृत वेगळं नाही. तो माणूस चौदा-चौदा तास रस्त्यावर काढून, अंघोळ करून, वेळेवर येऊन बसतो. साम्य नाहीच म्हणायचं. तो येतो आणि तू येत नाहीस.

रागावू नकोस. माझं हे हजेरीचं वेड जुनं आहे. माझ्या ग्रुपमध्ये तुझ्याच वयाचा एक मुलगा होता. हुशार, बोलका, सगळ्यांचा लाडका. गैरहजेरी नियमाच्या बाहेर गेली तेव्हा मी त्याचं नाव यादीतून काढलं. तो परत आला नाही. सोबतची एक काउन्सेलर पुढे कित्येक दिवस म्हणत राहिली की अजून एक फोन करायचास. केले होते मी फोन. निरोप ठेवले, पत्र पाठवलं. शेवटी त्या खोलीत आणखी माणसं होती, आणि त्यातला प्रत्येक जण रिकामी खुर्ची बघून मनात हिशेब करत होता की न येऊनही चालतं. तो नियम चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. त्याच्याशी नियमाआधी नीट बोलायला हवं होतं का? बोलले होते. निदान मला तरी तसंच आठवतं. हे तुला कशाला सांगतेय? तू बुधवारी गेला नाहीस म्हणून. नाव काढण्याची वेळ आली की काउन्सेलरला आनंद होतो असं समजू नकोस, आणि तुझं अजून काढलेलं नाही तेवढ्यात फोन कर.

आता दुसरी बाजू, जी तू दोन ओळींत उरकलीस: झोप नाही, छातीत धडधड, सकाळी उठावंसं वाटत नाही. तुला वाटतं दारूमुळे ती धडधड शांत होते. चार तास होते खरी. मग दारू उतरताना मेंदू दुप्पट खवळतो, आणि पहाटे तीनला तू छताकडे बघत पडतोस. पूर्वी आधी दारू सोडा, मग मनाचं बघू, असं म्हणायचे. मन म्हणायचं, आधी मला बघा. आता चांगल्या आयओपीत दोन्ही एकत्र बघतात. सायकियाट्रिस्टची वेळ माग. नैराश्याच्या गोळ्यांबद्दल त्यांच्याशी बोल, आणि नाल्ट्रेक्सोनबद्दलही. ते दारूची मजाच कमी करतं; अमेरिकेत दारूसाठी 1994 पासून मंजूर आहे. तुझ्या यकृताला चालेल का हे ते बघतील. झोपेसाठी मित्राकडची कुठलीही गोळी घेऊ नकोस, दारूबरोबर तर अजिबात नको. आणि आपल्याकडे बायका नवऱ्याच्या आमटीत गुपचूप जी गोळी कालवतात, त्या डायसल्फिराममधलं आणि यातलं अंतर समजून घे. त्या गोळीवर माणूस न कळता प्यायला तर रक्तदाब कोसळतो. गावाकडे मी हे पाहिलंय, आणि तिथे हसून सांगितलं जातं.

रूममेटच्या गमीजवर, त्या गांजाच्या गोड गोळ्यांवर, जाऊ नकोस. न्यू जर्सीत 2022 पासून गांजा दुकानात मिळतो हे खरं, पण संघीय कायद्याला ते मान्य नाही आणि तू व्हिसावर आहेस.

सगळ्यांना आयओपी पुरतो असं नाही, हे म्हटलंच. रोज पिणारा एकदम थांबला आणि हात थरथरायला लागले, घाम फुटला, नसलेलं दिसायला लागलं, तर तो ग्रुपचा विषय नाही, 911 चा आहे. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दारूच्या विथड्रॉवलने माणूस मरतो. जीव नकोसा वाटला तर पुढच्या बैठकीची वाट बघायची नाही, 988 ही हेल्पलाइन लावायची. त्यानंतर कदाचित काही दिवस भरती व्हावं लागेल. ते झालं की पुन्हा याच संध्याकाळच्या खुर्चीवर.

व्हिसाबद्दल तू दीड पान लिहिलंयस. थोडक्यात उत्तर देते. फेडरल नियमांनुसार व्यसनोपचार केंद्राला तुझ्या लेखी संमतीशिवाय तू तिथे येतोस हेसुद्धा कुणाला सांगता येत नाही. वैद्यकीय आणीबाणी, कोर्टाचा आदेश असे मोजके अपवाद. युनिव्हर्सिटीला नाही, तुझ्या घरी नाही. विषय कमी घ्यावे लागले तर इंटरनॅशनल ऑफिसला आधी भेट: डॉक्टरांच्या किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या पत्रावर आजारपणासाठी एका पदवीत एकूण 12 महिन्यांपर्यंत कमी कोर्सची परवानगी मिळू शकते. आधी परवानगी, मग विषय सोडायचे. उलटं केलंस तर व्हिसाचं स्टेटस जाईल. पुढची ग्रीन कार्ड वगैरेची चिंता वकिलाला विचार. पण एक सांगू? उपचारांच्या कागदाला तू इतका घाबरतोस आणि शनिवारी गाडी तूच चालवत घरी गेलास. दारू पिऊन गाडी चालवताना अटक झाली तर त्या एका अटकेवरून, निकाल लागण्याआधीसुद्धा, व्हिसा रद्द होऊ शकतो. 2015 पासून हे चाललंय. भीती बाळगायचीच असेल तर योग्य गोष्टीची बाळग.

विमा कार्डाच्या मागच्या नंबरवर उद्याच फोन कर. विचार: हे केंद्र नेटवर्कमध्ये आहे का, किती सत्रांना मंजुरी आहे, प्रत्येक खेपेला कोपे, म्हणजे तुझ्या खिशातले, किती. मंजुरी तुकड्यातुकड्यांनी मिळते. मधेच "आता गरज नाही" म्हणाले तर अपील करायचं, केंद्राचे लोक मदत करतात. 2008 च्या कायद्याने विमा कंपन्यांना मनाच्या आणि व्यसनाच्या उपचारांवर इतर आजारांपेक्षा कडक अटी लावता येत नाहीत. फोनवर ती बाई तुला ताटकळत ठेवेल. थांब. तीन आठवड्यांनी बरं वाटायला लागेल तेव्हा "आता अभ्यास आहे" म्हणून सोडू नकोस. तीन संध्याकाळींवरून दोन, दोनवरून एक, असं ते उतरवतील तेव्हाच उतर. आणि त्या काळात पुन्हा प्यायलास, तरी पुढच्या बैठकीला जायचं. हो, परत तेच लिहिलं मी.

राहता राहिली तुझी आई. तिथे कुटुंबाचं सत्र असतं, व्हिडिओवरही करतात. संध्याकाळी सहाला ठेवू देऊ नकोस, तेव्हा तिकडे पहाटेचे साडेतीन-साडेचार वाजलेले असतात. शनिवार सकाळ माग. तिला बोलवायचं की नाही हे तू ठरव. मी तिची शाळेपासूनची मैत्रीण आहे, तिच्याशी खोटं बोलणं मला जमत नाही. रविवारी ती फोन करेल. तुझ्याबद्दल विचारलं तर मी "त्यालाच विचार" म्हणेन, आणि ती इतकी साधी नाही की एवढ्यावर गप्प बसेल. तेव्हा शुक्रवारी बैठकीला जाऊन ये, काउन्सेलरला विचारून घे घरी काय आणि किती सांगावं, आणि शनिवारी तूच तिला फोन कर.

शुक्रवारी नऊनंतर मला मेसेज टाक. जागी असेन.

मावशी