टीव्हीवरचा शेफ व्हायचंय? आधी एक मे महिना खानावळीत

ताई, पत्र दोनदा वाचलं तुमचं. मुलगा वेंगुर्ल्यात अकरावीला, संजीव कपूरसारखं टीव्हीवर शेफ व्हायचंय म्हणतो आणि त्याचे बाबा म्हणतात एवढं शिकून शेवटी टोप घासणार का. यात खरंच करिअर आहे का असं तुम्ही विचारलंय.

आहे. पण संजीव कपूर घ्यायचे तर पूर्ण घ्या. दिल्लीच्या पुसा इन्स्टिट्यूटमधून त्यांनी हॉटेल मॅनेजमेंट केलं ते १९८४ ला, आणि झी टीव्हीवर खाना खजाना सुरू झालं १९९३ ला, मधली वर्षं हॉटेलांच्या किचनमध्ये गेली, मुंबईच्या सेंटॉर हॉटेलात एक्झिक्युटिव्ह शेफपर्यंत पोचले आणि मग कॅमेरा आला. स्वतःचं फूड फूड चॅनेल २०११ चं, पद्मश्री २०१७ ची. मुलाला फक्त शेवटचा भाग दिसतोय, आणि बाबांना फक्त पहिला!

आणि हो, टोप घासायला लागतील, कांदे सोलायला लागतील. किचनमध्ये कॉमी, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा शिकाऊ शेफ, म्हणून सुरुवात होते, दहा-बारा तास उभं राहायचं, आणि गणपतीत सगळं घर आरतीला जमलेलं असताना हा ड्युटीवर. हे त्याला आत्ताच कळू दे.

शिक्षणाचं म्हणाल तर बारावी कुठल्याही शाखेतून चालते, इंग्रजी विषय मात्र हवाच. मग एनसीएचएम जेईई ही हॉटेल मॅनेजमेंटची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यायची, त्यातून सरकारी आयएचएम, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटचं कॉलेज मिळतं, आपल्याला जवळचं म्हणजे गोव्यात पर्वरीला, नाहीतर मुंबईत दादरला. तिथे नुसतं जेवण नाही, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग, सर्व्हिस सगळंच शिकवतात, म्हणजे उद्या किचन नाही जमलं तरी वाट बंद होत नाही. खासगी कॉलेजची लाखांची फी आत्ता भरू नका.

एक गोष्ट मला फार आवडली, तुम्ही लिहिलंय की बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं कधी टाकायची आणि का ठेचायची हे तो धाकट्या बहिणीला समजावून सांगत होता. ताई, टीव्हीला हेच लागतं, नुसता हात चांगला असून भागत नाही, समोरच्याला सोपं करून सांगता आलं पाहिजे. घावणे, आंबोळी, सोलकढी सगळं आजीकडून मापासकट वहीत लिहून घ्यायला सांगा त्याला, आजी आहे तोवर.

आणि या मे महिन्यात मालवणात ओळखीच्या खानावळीत पाठवा, महिनाभर, पर्यटकांची ऐन गर्दी असते तेव्हाच. बाबांनी एक दिवस दुपारी तिथे जाऊन जेवून यावं. जून लागला की मला लिहा, शेवटच्या आठवड्यात पोरगा सकाळी स्वतःहून उठून जात होता की तुम्हाला उठवायला लागत होतं, एवढंच सांगा, मग फॉर्मचं बघू.