पांढरी म्हणजे कोणती माती?

मध्ययुगीन खेड्यांतल्या कारागिरीवरचा एक लेख पुण्यातली एक वाचक तपासते आहे. त्यात वाक्य आहे : ‘पांढरीत खापरं, बांगड्यांचे तुकडे आणि लोहकीट मिळालं.’ तिने विचारलंय, ‘पांढऱ्या मातीत’ असं केलं तर चालेल ना?

नाही चालणार. इथे ‘पांढरी’ हे विशेषण नाही, नाम आहे. गावाची कसायची जमीन ती काळी आणि घरं वसलेली जागा ती पांढरी. जुन्या कागदांत ही जोडी सतत भेटते. पुढे जागेचं नाव माणसांनाही लागलं. ‘समस्त पांढरी’ म्हणजे सगळे गावकरी. घरांवरचा कर तो पांढरपट्टी. विठोबाची पंढरी हा शब्द निराळा, त्याच्याशी गल्लत नको.

रंग मात्र खरा आहे. चुलीची राख, शेण, पडक्या भिंती, हाडं हे सगळं पिढ्यान् पिढ्या साचत गेलं की काळ्या रानात फिकट टेकाड उभं राहतं. ही माती धाब्याच्या घरांवर घालतात, खत म्हणून शेतातही नेतात. तिच्याबरोबर गावाचा इतिहासही गाडीत भरून जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता त्या तीन वस्तूंकडे बघू. खापरं आणि बांगड्या वापरातून फुटूनही पांढरीत पडतात. नेवासे आणि कोल्हापूरची ब्रह्मपुरी इथे बहामनी काळातल्या काचेच्या बांगड्या सापडल्या, पण बांगडी सापडली एवढ्यावरून ती तिथेच घडली असं ठरत नाही. त्यासाठी काचेचे ओघळ, वितळलेले गोळे, काच वितळवायच्या मुशींचे तुकडे हवेत. कुंभाराचंही तसंच. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, ताव जास्त लागून वाकलेली, एकमेकांना चिकटलेली भांडी कुणी विकत घेत नाही; ती तिथेच टाकली जातात. म्हणून बिघडलेला माल हाच कारागिराचा पक्का पत्ता.

कीट, म्हणजे लोखंडाच्या भट्टीत वितळून निघणारा मळ, या शब्दावर मात्र थांबायला हवं. शिरूरकडच्या एका शेताच्या बांधावर मी एक तुकडा उचलला होता. मुठीएवढा, पण हाताला चांगला जड, अंगभर बुडबुड्यांची भोकं, एका बाजूला वितळून ओघळल्याची सुरकुती. शेतकरी म्हणाले, ‘लोहाराचं कीट हाय ते.’ संस्कृत किट्ट तेच हे. आयुर्वेदातला मंडूर म्हणजे लोखंडाचं जुनं कीटच, आणि शंभर वर्षांहून जुनं ते उत्तम मानतात! तेव्हा लेखातलं ‘लोहकीट’ मोडून ‘लोखंडाचा कचरा’ करू नये. एक जपायला हवं : खनिज वितळवतानाही कीट निघतं आणि गावच्या लोहाराच्या भट्टीतही साचतं. नुसतं कीट मिळालं म्हणून गावात लोखंड तयार होत होतं असं लिहू नये. शेजारी भात्याची मातीची नळी आणि भट्टीची भाजलेली भिंत मिळाली तर निदान काम तिथेच चालायचं हे नक्की होतं.

आपल्या पुण्यातल्या कसबा पेठेत कुंभारवेस आणि तांबट आळी ही नावं अजून तोंडात आहेत. खेड्यातल्या कारागिरांच्या वाट्याला असं नाव क्वचितच आलं, त्यांचं कीट आणि वाकडी खापरं तेवढी पांढरीत राहिली.

म्हणून मूळ शब्द ठेवा. नवख्या वाचकासाठी पहिल्यांदा ‘गावठाणाच्या जुन्या टेकाडात, म्हणजे पांढरीत’ असं लिहा; पुढे नुसतं ‘पांढरीत’ पुरेल.