गोळ्यांचे दिवस मोज

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

या डोकेदुखीपायी मेंदूचा स्कॅन करायला मैत्रिणीकडून पैसे उसने घेऊ का, असं विचारलंस. घेऊ नकोस. अर्धशिशी स्कॅनमध्ये दिसत नाही, ती तुझ्या सांगण्यावरून ओळखतात. बहुतेक वेळा डोक्याची एकच बाजू ठणकते, जिना चढला की कळ वाढते, मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसा होतो. औषध घेतलं नाही तर दुखणं ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत मुक्काम ठोकतं. तू लिहिलेलं सगळं यात बसतं. डॉक्टरांनी नीट तपासलं, काही वावगं आढळलं नाही आणि दुखण्याची तऱ्हा पहिल्यापासून तीच असली, तर स्कॅन सहसा लागत नाही.

पण डोकं एका क्षणात फुटल्यासारखं दुखलं, सोबत ताप येऊन मान आखडली, हातापायातली ताकद गेली, बोलताना जीभ अडखळली, डोक्याला मार लागल्यावर दुखू लागलं किंवा दुखण्याची नेहमीची तऱ्हाच बदलली, तर पैशाचा विचार न करता रिक्षा कर आणि थेट सीपीआरच्या, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या, अपघात विभागात जा. तेव्हा गोळी घेऊन वाट बघत बसायचं नाही.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी थबकले ती. ‘रोज एक गोळी घेते, स्वस्तात भागतं.’ राजारामपुरीत औषधाच्या दुकानात माझी नोकरी झाली. अभ्यासिकेतली पोरं-पोरी स्ट्रिप मागायला येत, आधी महिन्याला, मग आठवड्याला, मग एक दिवसाआड. कुणाचंच डोकं दुखायचं थांबलेलं नसे. दुखणं थांबवायची गोळी फार दिवस घेतली की तीच दुखणं वाढवते. साधं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, कॅफीन घातलेली मिश्र गोळी, अर्गोटामीन किंवा ट्रिप्टान ही खास अर्धशिशीची गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की डोकं गोळ्यांमुळेच दुखतंय अशी शंका घ्यायची. इथे गोळ्या नाही, दिवस मोजायचे. एका दिवशी दोन घेतल्यास तरी तो एकच दिवस.

म्हणून आजच भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढ. आई दुधाचा हिशेब लिहिते तसं लिही: डोकं दुखलं तिथे फुली, गोळी घेतली तिथे गोल, पाळी आली तिथे टिंब. पाळीच्या आसपास अंगातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरतं आणि पुष्कळ बायकांना नेमकं तेव्हाच धरतं, म्हणून टिंब विसरू नकोस. महिनाअखेर गोल मोजलेस की तुझा तुलाच अंदाज येईल.

गोल जास्त भरले तर गोळी बंद करावी लागेल. पहिले काही दिवस डोकं आणखी दुखतं आणि तिथेच माणसं हार मानतात. हे परीक्षेच्या आठवड्यात करू नकोस, आणि डॉक्टरांना सांगूनच कर.

झटका आलाच तर गोळी लवकर घ्यायची, आणि पुरी घ्यायची. आपल्याकडे अर्धी गोळी तोडून घेण्यात मोठं शहाणपण मानतात, पण अर्धशिशीत तिचा उपयोग होत नाही. मोठ्या माणसाला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, पोटात काहीतरी घालून. किंवा पॅरासिटामॉल १००० मिलिग्रॅम, म्हणजे पाचशेच्या दोन. पोटात अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर आयबुप्रोफेन मनानं घ्यायचं नाही. डेंग्यूची शंका असेल तर अजिबातच नाही. आठवड्यात दोन दिवसांपलीकडे हात जाऊ देऊ नकोस.

तुझी आई म्हणते हे पित्त आहे. आपल्याकडे घराघरात हेच म्हणतात. ओकारी झाली की डोकं उतरतं, म्हणून पित्तच असणार, असा हिशेब. आणि मग पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं. खरं तर ओकारी हा अर्धशिशीचाच भाग. झटक्यात जठराचं काम मंदावतं, गिळलेली गोळी तिथेच पडून राहते, म्हणून डॉक्टर बरेचदा सोबत डॉम्पेरिडोनसारखी मळमळीची गोळी देतात. मिसळीला आणि तांबड्या रश्श्यालाही उगाच दोष देऊ नकोस. झटक्याच्या आदल्या दिवशी जांभया येतात, मान आखडते, काही चमचमीत किंवा गोड खावंसं वाटतं. झटका तेव्हाच सुरू झालेला असतो, आळ मात्र ताटातल्या पदार्थावर येतो. कॅलेंडरवर त्याच पदार्थानंतर पुन्हा पुन्हा फुली दिसली, तरच तो सोड.

मला संशय आहे तो तुझ्या सोमवारच्या डोकेदुखीचा. रविवारी दुपारपर्यंत झोपतेस, संध्याकाळी मेस बंद, मग चहा-बिस्किटावर रात्र काढतेस. अर्धशिशीच्या मेंदूला बदल सोसत नाही. कमी झोप चालत नाही आणि जास्तही चालत नाही, उपाशी तर मुळीच राहायचं नाही. रविवारीही नेहमीच्याच वेळी ऊठ, आणि रात्रीसाठी शेंगदाणे, गूळ, केळी, दोन अंडी असं काहीतरी खोलीवर ठेव. अंबाबाईचा मंगळवार-शुक्रवार धरतेस, तर देवी उपाशीपोटी ओकणाऱ्या पोरीवर प्रसन्न होते असं काही माझ्या ऐकण्यात नाही. फलाहार कर, पण वेळेवर कर. चहा रोज तेवढाच. एकदम सोडलास तरी डोकं धरेल.

कुणी सूर्योदयापूर्वी जिलेबी-दूध सांगेल. खा हवं तर, निदान सकाळी पोट रिकामं राहणार नाही. नस दाबून देणाऱ्याला आणि मंतरलेल्या दोऱ्याला मात्र पैसे देऊ नकोस. कपाळावर गार पाण्याची घडी आणि अंधारी खोली, याला पैसे पडत नाहीत आणि बरं वाटतं.

महिन्यात चार किंवा जास्त दिवस वाया जात असतील तर झटके कमी करणारं रोजचं औषध असतं. टाऊन हॉलसमोर सीपीआर, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढ आणि मेडिसिनच्या ओपीडीत दाखव. ही औषधं जुनी आहेत, म्हणूनच परवडतात. प्रोप्रॅनोलॉल असेल, पण दमा असेल तर ते चालत नाही आणि अचानक बंदही करायचं नसतं. किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन, बहुधा १० मिलिग्रॅमपासून सुरू, झोपण्याच्या थोडं आधी. तोंड कोरडं पडतं, सकाळी थोडी गुंगी राहते. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांग आणि जनऔषधी केंद्रात विचार. तिथे तेच औषध बऱ्याचदा निम्म्याहून कमी किमतीत मिळतं.

मग खोलीवर येऊन तू मोबाइलवर त्या औषधाचं नाव शोधशील. ‘ब्लडप्रेशर’, ‘डिप्रेशन’ असं वाचून घाबरशील. माझ्या काउंटरवर किती जणींनी ‘मला काही वेड लागलेलं नाही’ म्हणून स्ट्रिप परत ठेवली! तीच औषधं अर्धशिशीलाही देतात, अ‍ॅमिट्रिप्टिलिन तर कमी मात्रेत. पंधरा दिवसांत गुण नाही म्हणून सोडायचंही नाही. योग्य मात्रेवर आल्यावर दोन-तीन महिने द्यावे लागतात, आणि फुल्या निम्म्या झाल्या तरी औषध लागू पडलं असं धरतात. पार बंद होतील अशी आशा धरलीस तर चांगलं चाललेलं औषध टाकून बसशील.

दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक येते का, हे तू लिहिलं नाहीस. येत असेल तर डॉक्टरांना सांग, आणि पुढे कधी इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी घ्यायची वेळ आली तर तेव्हाही सांग. त्यात पक्षाघाताचा धोका वाढतो. लग्न ठरलं, मूल हवं असलं, तरी रोजचं औषध चालू ठेवायचं का ते आधी विचार, कारण झटके कमी करायलाच देतात त्यातली टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट ही औषधं पोटातल्या बाळाला घातक ठरतात.

केसपेपरासोबत कॅलेंडर ने. घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपाही पिशवीत घाल. डॉक्टर ‘किती गोळ्या घेता?’ विचारतील तेव्हा जीभ कचरते आणि आकडा निम्मा होतो. स्ट्रिपा तशाच टेबलावर ठेव.

तुझी,
दुकानातली काकू

ता. क. मिरवणुकीच्या रात्री साऊंड सिस्टीम आणि लेझरच्या दिव्यांपुढे नाचायला जाऊ नकोस. गणपती मंडपात दुपारी बघून ये, गर्दीही कमी असते.