गुन्ह्याची बातमी खरी की खोटी हे कसं ओळखायचं? आरोपीने कबुली दिली असेल तर कोर्टाची वाट कशाला बघायची?

तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. याच वाक्यावरून आमच्या घरात माझ्या वडिलांचं आणि थोरल्या काकांचं बोलणं बंद झालं.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. माझा धाकटा भाऊ कापड मार्केटातल्या एका पेढीवर हिशेब बघायचा. रोकडीत तूट निघाली, मालकाने थान्यात रिपोर्ट दिली आणि भावाला उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. भाऊ जमिनीवर उकिडवा बसलेला, मागे पोलीस उभे, पुढे टेबलावर नोटांच्या गड्ड्या. मथळा होता ‘मुनीम ही निकला चोर, कबूला जुर्म’. त्या गड्ड्या त्याच्याकडून जप्त झालेल्याच नव्हत्या. जप्ती पंचनाम्यात एक मोबाइल आणि स्कूटरची किल्ली, एवढंच लिहिलेलं होतं. चालान म्हणजे आरोपपत्र पेश झाल्यावर वकिलांनी नक्कल दाखवली तेव्हा आम्हाला हे कळलं. तोवर फोटो नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपांवर फिरून झाला होता.

ती बातमी मला आजही पाठ आहे. परिच्छेदागणिक ‘पुलिस के अनुसार’. बातमीदार ना पेढीवर गेला, ना आमच्याकडे आला. थान्यातून जे सांगितलं ते छापलं. गणपतीच्या आरतीला काका सगळ्यांदेखत म्हणाले, "आगीशिवाय धूर निघत नाही. पोलिसांना काय वेड लागलंय?" आई ताम्हन तिथेच ठेवून आत निघून गेली. पुढे काही वर्षांनी भाऊ निर्दोष सुटला. त्याची ओळसुद्धा कुठे छापून आली नाही आणि काकांनीही शब्द मागे घेतला नाही.

आता कबुलीचं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात हे कलम २५ होतं, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते २३ आहे. इंग्रजांच्या राज्यातसुद्धा हा नियम करावा लागला, कारण थान्यात कबुली कशी निघते हे त्यांनाही माहीत होतं. कबुलीमुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग कोर्ट बघतं. तेव्हा ‘आरोपीने गुन्हा कबूल केला’ असं वाचलंत तर ‘पोलीस म्हणतात की कबूल केला’ एवढाच अर्थ घ्या.

गुरुग्रामचं प्रकरण आठवा. सप्टेंबर २०१७मध्ये शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. पोलिसांनी बसच्या कंडक्टरला धरलं आणि त्याने कॅमेऱ्यासमोर कबुलीसुद्धा दिली. सगळा देश फाशी मागत होता. तपास सीबीआयकडे गेला आणि दोन महिन्यांत त्यांनी त्याच शाळेतल्या अकरावीच्या मुलाला ताब्यात घेतलं. कंडक्टर पुढे आरोपमुक्त झाला. तुम्ही म्हणता तशी तिथल्या तिथे शिक्षा दिली असती तर?

आमच्या मध्य प्रदेशात तर आरोपीच्या घरावर बुलडोझर चालला की लोक टाळ्या वाजवतात. त्या घरात त्याची आई राहते, बहीण राहते. १३ नोव्हेंबर २०२४ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की कुणी आरोपी आहे म्हणून प्रशासनाला त्याचं घर पाडता येणार नाही, आणि पाडकामाआधी पंधरा दिवसांची नोटीस लागेल. निकालाची बातमी काकांना वाचून दाखवली. ते टीव्हीचा आवाज वाढवून बसले.

एक मात्र मान्य करते. सुटलेला प्रत्येक जण निर्दोष असतोच असं नाही. साक्षीदार फुटतात, तपास ढिसाळ होतो, आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याने तारखांवर तारखा का सोसाव्यात याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमचा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तो राग तपास नीट व्हावा, खटला लवकर चालावा म्हणून पोलिसांवर आणि सरकारवर काढा, फोटोतल्या माणसावर नको.

पुढच्या वेळी ग्रुपवर असा फोटो आला की टाकणाऱ्याला थाना कुठला आणि एफआयआर नंबर काय ते विचारा. त्यावरून ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या सरकारी साइटवर खटला कुठवर आलाय ते फुकट बघता येतं. भावाचा खटलाही तिथे निकालासकट आहे. काकांनी आजवर तो उघडून बघितलेला नाही.