पोळी बंद करू नकोस, निदान एवढ्यात

अरे,

काल रात्री पावणेबाराला तुझे एकापाठोपाठ चार मेसेज आले. मी जागाच होतो पण मुद्दाम उत्तर दिलं नाही, कारण काहीही लिहिलं असतं तरी तू ते पहाटे दोनपर्यंत उलटसुलट वाचत बसला असतास. आता सकाळचा चहा घेऊन नीट लिहितोय.

तुझा मूळ प्रश्न एवढाच की दादा, पोराच्या रक्तात टीटीजी, म्हणजे सिलिॲक या गव्हाच्या आजाराचा संशय दाखवणारी अँटीबॉडी, वाढलेलं आलंय, मग आजपासूनच पोळी बंद करू का. नको. एन्डोस्कोपी, म्हणजे नळीने आतडं आतून बघायची तपासणी, पुढच्या शुक्रवारी आहे, म्हणजे अजून नऊ दिवस, तोपर्यंत पोरगा रोज खातो तेवढं गव्हाचं खाऊ दे, पोळी म्हण, बिस्किट म्हण, शिरा म्हण. कारण सोपं आहे, आपल्या लहान आतड्याला आतून टर्किश टॉवेलसारखे बारीक धागे असतात, सिलिॲकमध्ये गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच ते झिजवतं आणि टॉवेलचा पंचा होतो, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. बायॉप्सीत, म्हणजे एन्डोस्कोपीत काढलेल्या आतड्याच्या बारीक तुकड्यात, डॉक्टर तोच पंचा शोधतात. गहू थांबवला की धागे परत उगवायला लागतात, रक्तातलं टीटीजीही उतरतं, आणि मग धड हो नाही की नाही नाही अशा रिपोर्टवर तुम्ही लटकता.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. आमची लेक चार वर्षांची होती, हातापायाच्या काड्या आणि पोट एवढं फुगलेलं की फ्रॉकची मागची बटणं लागायची नाहीत. कुणी म्हणालं जंत, कुणी म्हणालं नजर, आयर्नच्या बाटल्यांवर बाटल्या झाल्या तरी हिमोग्लोबिन आठाच्या वर जाईना. शेवटी एका नातेवाइकांनी सांगितलं गहू सोडून बघा, आणि आम्ही शहाण्यांनी टेस्टच्या आधीच सोडला! दोन महिन्यांत पोर हसायला खेळायला लागली आणि मग टेस्ट केली तर आकडा धड इकडे ना तिकडे. डॉक्टर शांतपणे म्हणाले, परत पोळी सुरू करा. सहा आठवडे घातली. मी स्वतः तूपसाखर लावून पोळीची सुरळी करून तिच्या हातात द्यायचो, ती अर्धी खायची आणि संध्याकाळी पोट धरून सोफ्यावर आडवी व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी मी परत सुरळी करायचो. ते सहा आठवडे मला अजून आठवतात, म्हणून तुला नऊ दिवस कळवळून मागतोय.

अवघड आहे, माहितीय मला. ज्याच्यावर संशय आहे तेच आपल्या हाताने भरवायचं. पण हे एकदा नक्की झालं की पथ्य जन्मभराचं आहे रे, त्याच्या शाळेच्या डब्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत, आणि पंधराव्या वर्षी तो विचारणार की मला खरंच आहे का हे, तेव्हा तुझ्याकडे कागद पाहिजे. मात्र जुलाब फारच वाढले, पोर मलूल पडलं, तर वाट बघू नकोस, डॉक्टरांना लगेच फोन कर, मग काय थांबवायचं ते त्यांना ठरवू दे.

त्या रिपोर्टचं. आकड्यापुढे एच, म्हणजे हाय, दिसला की आपलं काळीज हलतं, पण प्रत्येक लॅबची रेंज वेगळी असते, त्यामुळे त्याचा आकडा दुसऱ्या कुणाच्या मुलाच्या आकड्याशी ताडून बघू नकोस. नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा जास्त आलं असतं तर कधीकधी अजून एक रक्ताची टेस्ट करून बायॉप्सी टाळताही येते, त्याचं तेवढं नाहीये म्हणून एन्डोस्कोपी. टोटल आयजीए, म्हणजे टीटीजी ज्या जातीची अँटीबॉडी आहे त्या जातीचं रक्तातलं एकूण प्रमाण, केलंय का तेवढं मात्र विचार, ते फारच कमी असेल तर टीटीजीवर भरवसा ठेवता येत नाही.

आता सल्लागार येतील. खपली गहू चालतो म्हणणारा एक तरी भेटेलच, पुण्यात तर सोसायटीच्या ग्रुपवर खपलीचीच ऑर्डर फिरत असते. खपली हा गहूच आहे, त्यातही ग्लूटेन आहे. सातूचं पीठ, जव, रवा, शेवया, सगळे त्याच घरातले. तुझ्या आई म्हणतायत ना की आमच्या वेळी नव्हती असली थेरं, त्यांच्याशी वाद घालू नकोस, उलट त्यांनाच हाताशी धर. पुढे भाकरी त्याच थापणार आहेत! ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ सगळं चालतं, गणपतीत उकडीचे मोदक बिनधास्त, पुरणपोळीला मात्र मुकावं लागेल. आपल्याकडे जन्मलेल्या सिलिॲकवाल्याचं निम्मं जेवण आजीच्या हातात आधीच असतं असं माझं मत आहे.

बाकी स्वयंपाकघर उलथंपालथं करायला नंतर भरपूर वेळ आहे. तरी एक गंमत सांगतो, आम्ही घरातला गहू काढला, पोळपाट नवा आणला, तरी लेकीचं पोट दुखायचं थांबेना. महिन्याभराने बायकोने हिंगाची डबी उलटी करून भिंगातून वाचलं, गव्हाचं पीठ! रोजच्या वरणात जात होतं. आणि दुसरं गिरणी, गव्हाच्या मागोमाग आपली ज्वारी दळली की झालं. पण हे सगळं रिपोर्ट आल्यावर, आता महागाची ग्लूटेन फ्री पाकिटं आणून ठेवू नकोस. नक्की झालंच तर तुझ्या मोठ्या लेकीची आणि तुम्हा दोघांचीही रक्ततपासणी करून घ्या, हे घरात असतं.

शुक्रवारी त्याला उपाशी न्यायचंय, किती तास ते हॉस्पिटलला विचारून कागदावर लिहून फ्रिजवर लाव, नाहीतर आजी लाडाने दूध पाजतील. गाडी मी आणतो, सकाळी कर्वे रोडला गर्दी व्हायच्या आत निघू. आणि गुरुवारी रात्री तो मागेल तेवढी पोळी दे, बरोबर गुळांबा असेल तर बघ, त्याला आवडतो ना.

तुझा,
दादा