गोल्फच्या आयर्नचे जुने स्टील शाफ्ट बदलावेत का? की नवा सेट घ्यावा?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आयर्न (धातूच्या पात्यासारख्या हेडचे क्लब) दहा वर्षांचे आहेत, शाफ्ट म्हणजे दांडे डायनॅमिक गोल्ड एस३०० या मॉडेलचे, स्टीलचे, तुम्ही उजव्या हाताने खेळता, हल्ली चेंडू उंच उठत नाही आणि उजवीकडे सुटतो. त्यावर कुणीतरी सांगितलं, ‘स्टील थकलंय, शाफ्ट बदला.’ हे ‘थकलंय’ वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहितो आहे.

स्टीलचा शाफ्ट नुसता खेळून थकत नाही. तो वाकतो किंवा गंजतो, आणि या दोन्ही गोष्टी तपासता येतात. शाफ्टच्या रेषेत डोळा लावून क्लब उजेडाकडे धरा आणि हळूहळू फिरवा. शाफ्ट सरळ असेल तर त्यावरच्या पायऱ्यांच्या (जाडी टप्प्याटप्प्याने कमी होते तिथल्या कड्यांच्या) अधेमधे चमकणारी प्रकाशाची रेघ डुलत नाही, वाकला असेल तर लगेच डुलते. गंज बहुधा आतून लागतो, कारण ग्रिपच्या टोकाच्या छिद्रातून पाणी आत जातं. ग्रिप काढून क्लब पालथा करून ठोका. तपकिरी भुकटी पडली तर तो शाफ्ट नक्की बदला. दोन्ही ठीक असतील तर वयामुळे शाफ्ट बदलायचं कारण उरत नाही.

चेंडू उजवीकडे जातोय म्हणता, तर आधी लाय, म्हणजे शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन, बघा. चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ काढा, ती क्लबफेसकडे (हेडच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूकडे) ठेवून चेंडू मारा आणि फेसवर उमटलेला ठसा पाहा. रेघ खाचांना काटकोनात हवी. तिचं वरचं टोक टाचेकडे (हेडच्या शाफ्टजवळच्या बाजूकडे) झुकलेलं असेल तर लाय तुमच्यासाठी सपाट आहे आणि चेंडू उजवीकडे जाणारच. फोर्ज्ड (ठोकून घडवलेलं) हेड असेल तर एक-दोन अंश वाकवणं काही मिनिटांचं काम आहे, एकही शाफ्ट उपटावा लागत नाही.

आता शाफ्ट बदलण्याचं खरं कारण. माझ्या मते ते एकच आहे: वजन. एस३०० सुमारे १३० ग्रॅमचा शाफ्ट. समजा तुम्ही ९५ ग्रॅमचा ग्राफाइट बसवला. ३५ ग्रॅम उतरले. स्विंगवेट म्हणजे क्लब फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप, ते सी८, सी९, डी०, डी१, डी२ असं चढत जातं. शाफ्टचे साधारण ९ ग्रॅम म्हणजे त्याचा एक पॉइंट, म्हणजे डी२चा सेट सी८वर येतो. हेड हातात लागतच नाही, आणि माणूस ते शोधायला वरूनच घाईने ओढायला लागतो. नव्या शाफ्टची निम्मी गाऱ्हाणी इथली असतात. भरपाई हेडकडे करायची, तिथे २ ग्रॅमला एक पॉइंट. पूर्ण डी२ हवं तर ८ ग्रॅम लागतील, पण तेवढं वजन शाफ्टच्या टिपमध्ये (हेडकडच्या टोकात) ठासू नका. ते होझलमध्ये (हेडच्या ज्या नळीत शाफ्ट बसतो तिच्यात) बसतं आणि हेडचा गुरुत्वमध्य टाचेकडे ओढतं. ४ ग्रॅमवर थांबा, डी० स्वीकारा. राहिलेलं हवंच असेल तर ग्रिप हलकी घ्या, ४-५ ग्रॅम कमी झाले की एक पॉइंट परत मिळतो. अर्धा इंच लांबी वाढवूनही तीनेक पॉइंट मिळतात, पण मग लाय पुन्हा तपासावा लागतो.

ऑर्डरआधी होझल मोजा. ०.३५५ इंच म्हणजे टेपर (निमुळती) टिप, तिथे प्रत्येक आयर्नचा शाफ्ट वेगळा येतो. ०.३७० म्हणजे पॅरलल (एकसारख्या जाडीची), तिथे टिप कापावी लागते आणि आयर्नगणिक अर्धा इंच फरक ठेवायचा असतो. टिपमधून जास्त कापलं की शाफ्ट कडक होतो आणि कापलेलं परत जोडता येत नाही. त्यामुळे आधी टिप, मग हेड कोरडं बसवून लांबी ठरवा आणि बट (ग्रिपकडचं टोक) कापा, मग स्विंगवेट, आणि इपॉक्सी (चिकटवणारा गोंद) सगळ्यात शेवटी.

शाफ्ट काढताना स्टील गरम करून पिळला तरी चालतो. ग्राफाइट कधीही पिळू नका, तंतू फाटतात. तो पुलर या ओढण्याच्या यंत्रानेच सरळ ओढायचा. होझलमधला जळका इपॉक्सी ब्रशने अगदी धातू दिसेपर्यंत काढा. नव्या स्टीलच्या टिपवरचं क्रोमही खरवडून खडबडीत करा. गुळगुळीत क्रोमवर इपॉक्सी धरत नाही आणि पुढे एखाद्या फटक्यात हेडच उडतं. ग्राफाइटवर फक्त रंग घासायचा, तंतूंपर्यंत जायचं नाही. शाफ्ट फिरवत आत घाला म्हणजे हवा कोंडत नाही. चोवीस तास हात लावू नका.

फ्लेक्सबद्दल, म्हणजे शाफ्ट किती लवतो त्याबद्दल, विचारलं नाहीत, तरी सांगतो. ‘स्पीड एवढा, म्हणजे एस’ असा तक्ता दाखवणाऱ्याचं ऐकून सेट मागवू नका. आर (रेग्युलर) आणि एस (स्टिफ, कडक) ही अक्षरं सगळ्या कंपन्यांना बांधील असं कुठलंही माप नाही. एकीचा आर दुसरीच्या एसइतका कडक निघू शकतो. त्यापेक्षा फक्त ७ आयर्नमध्ये नवा शाफ्ट बसवा आणि त्याच हेडने जुन्या-नव्याचे पंधरा-पंधरा चेंडू लाँच मॉनिटरवर (चेंडूचं उड्डाण मोजणाऱ्या यंत्रावर) मारा. उतरण्याचा कोन बघा. ४५ अंशांच्या बराच खाली असेल तर चेंडू ग्रीनवर थांबणार नाही. कोन वाढला आणि चेंडूंचा पसारा आवळला तरच उरलेले शाफ्ट मागवा. एका चांगल्या फटक्याची कॅरी (चेंडूने हवेत कापलेलं अंतर) बघून मागवू नका.

नवा सेट कधी? फेसच्या खाचा झिजल्या असतील, किंवा हेडच आवडत नसेल तेव्हा. शाफ्ट बदलून हेड बदलत नाही. आणि हो, हे आधीच लिहायला हवं होतं: हेड पोकळ असून आत फोम भरलेला असेल, किंवा मागे चिकटवलेला बॅज असेल, तर घरी टॉर्च लावू नका. बॅज सुटतो, फोम बिघडतो. असं हेड कमी, मोजक्या उष्णतेवर काम करणाऱ्याकडेच द्या.