अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या खेड्यात बर्फात पहिल्यांदा चालताना

आधी अभिनंदन! हिवाळा घरात बसून काढायचा नाही हे ठरवलंत, तिथेच निम्मं काम झालं. महागडं सामान इतक्यात घेऊ नका. स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटांना बांधायच्या रुंद चौकटी) वगैरे पुढच्या वर्षी बघू.

नवी माणसं थंडीला घाबरतात, पण पाडतो तो बर्फाचा पातळ, न दिसणारा थर. रस्ता नुसता ओला वाटतो आणि पाय सटकतो. पारा उणे ९-१० सेल्सिअसखाली गेला की बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठही फारसं काम करत नाही. छोटे पूल तर सगळ्यात आधी गोठतात. तिथे पेंग्विनसारखं चाला: पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, हात खिशाबाहेर. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे मिळतात. तेवढा खर्च मात्र जरूर करा.

खेड्यात फुटपाथ नसतो. इथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून रस्त्याच्या डाव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं चाला. बर्फ काढणारा ट्रक दिसला की लांब व्हा, शेजाऱ्याच्या अंगणात शिरलात तरी कोणी रागावणार नाही. डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा चमकणारं जाकीट हवंच. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो; भडक नारिंगी टोपी घाला.

आणखी एक नेहमीची चूक: आत सुती बनियन. घामाने भिजला की अंगावरच गार पडतो. लोकरीचा घाला. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, दहा मिनिटांत अंग तापतं. बूट घेताना जाड मोजे घालूनच बघा, आत बोटं हलली पाहिजेत.